शिबिराचे अहवाल आणि ‘तीन महिन्यांची साखर’: आपल्या ग्रुपवरील चर्चा

सचिव: सर्व सभासदांस नमस्कार. मागील रविवारी क्लब हाऊसमध्ये झालेल्या रक्ततपासणी शिबिराचे अहवाल बंद पाकिटांत घालून वॉचमनच्या केबिनमध्ये ठेवले आहेत. ज्यांनी ते अद्याप नेले नसतील त्यांनी आज रात्री नऊपर्यंत न्यावेत. कृपया स्वतःच्या किंवा घरातील कोणाच्याही संपूर्ण अहवालाचा फोटो ग्रुपवर टाकू नये. शंका असल्यास फक्त तेवढा आकडा लिहून विचारावा. सी-५०४ मधील डॉक्टर मॅडम पॅथॉलॉजिस्ट म्हणून निवृत्त झाल्या आहेत आणि त्यांनी उत्तरे देण्याचे आपणहून मान्य केले आहे.

बी-३०२: मॅडम, नमस्कार. माझे वय एकेचाळीस आहे. अहवालात एचबीए१सी, म्हणजे ‘तीन महिन्यांची साखर’, ६.४ आले असून त्यापुढे लाल अक्षरांत ‘मधुमेहपूर्व अवस्था’ असे छापले आहे. उपाशीपोटीची साखर मात्र ९१ आणि जेवणानंतर दोन तासांची ११८ आहे. हिमोग्लोबिन ८.९ आहे, पण ते माझे नेहमीच कमी असते. घरी सासूबाईंनी आजपासून माझा भात बंद केला आहे. यातला कोणता आकडा खरा मानावा?

ए-१०१: वहिनी, एचबीए१सी हीच पक्की तपासणी. उपाशीपोटीची साखर आदल्या दिवशी पथ्य पाळून कमी दाखवता येते, तीन महिन्यांची साखर दाखवता येत नाही. मला मधुमेह होऊन बरीच वर्षे झाली, त्यामुळे अनुभवाने सांगतो. सासूबाईंचे ऐकावे.

सी-५०४, डॉक्टर: काका, पथ्याबद्दल आपण म्हणता ते बरोबर आहे, परंतु वहिनींच्या बाबतीत तो निष्कर्ष लागू पडेल असे मला वाटत नाही. ही तपासणी मुळात साखर मोजतच नाही. रक्तातील साखर लाल पेशींमधील हिमोग्लोबिनला हळूहळू चिकटत जाते आणि एकूण हिमोग्लोबिनपैकी किती टक्क्यांना ती चिकटली आहे, हे एचबीए१सी सांगते. लाल पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून या आकड्याला आपण तीन महिन्यांची साखर म्हणतो; त्यातही साधारण निम्मा वाटा शेवटच्या एका महिन्याचा असतो. पेशी तेवढेच दिवस जगते हे गृहीत धरूनच हा सारा हिशेब मांडलेला आहे, आणि रक्तातच काही बिघाड असेल तर तो कोलमडतो.

शरीरात लोह कमी असले की नव्या लाल पेशी कमी तयार होतात आणि रक्तात वयस्क पेशींचे प्रमाण वाढते. जी पेशी जास्त दिवस फिरली तिला साखरही जास्त चिकटलेली असते. लोहाच्या कमतरतेत साखर वाढलेली नसतानाही एचबीए१सी चढलेले दिसते, त्याचे हे एक कारण मानले जाते. एचबीए१सी वरून सरासरी साखर काढण्याचे एक सूत्र आहे: आकड्याला २८.७ ने गुणावे आणि त्यातून ४६.७ वजा करावे. वहिनींच्या ६.४ ला हे लावले तर उत्तर १३७ येते. उपाशीपोटी ९१ आणि जेवणानंतर दोन तासांनी ११८ असलेल्या व्यक्तीची चोवीस तासांची सरासरी १३७ कशी भरेल? जेवणानंतर तासाभराने साखर आणखी थोडी वर जाते हे धरले तरी मेळ बसत नाही. दोन तपासण्या एकमेकींशी भांडत असतील, तर त्याच कागदावरचे हिमोग्लोबिन आधी पाहावे, ही आमच्या प्रयोगशाळेतील जुनी सवय आहे.

बी-३०२: म्हणजे भात चालू ठेवू ना?

सी-५०४, डॉक्टर: भाताचा निर्णय सासूबाईंवर सोपवते. मला काळजी ८.९ या आकड्याची वाटते आणि त्यापुढे लाल अक्षरे असूनही आपण ‘नेहमीच कमी असते’ असे म्हणून पुढे गेलात, याची अधिक वाटते. आपल्याकडच्या बायका ही गोष्ट उंची किंवा रंगासारखी जन्मजात असल्याप्रमाणे सांगतात. आपल्या फॅमिली डॉक्टरांना दाखवून फेरिटिन तपासून घ्या. त्यावरून शरीरातील लोहाचा साठा कळतो. अहवालात एमसीव्ही, म्हणजे लाल पेशींचा आकार, दिलेला असेल. तो लहान असण्याचे कारण बहुधा लोहाची कमतरता असते, परंतु थॅलेसेमिया मायनर हा आनुवंशिक रक्तदोष असलेल्यांच्या पेशीही लहानच असतात आणि त्यांना लोहाच्या गोळ्या देऊन उपयोग होत नाही. पाळीच्या वेळी रक्तस्राव जास्त होतो का, पोटातून रक्त जाते का, जंत आहेत का, हेही पाहावे लागेल. कारण न शोधता नुसते टॉनिक घेतले तर गोळ्या थांबताच हिमोग्लोबिन पुन्हा खाली येईल.

डी-२०३: मॅडम, माझ्या माहेरी याच्या उलट प्रकार आहे. आम्ही मूळचे गडचिरोलीचे. माझ्या भावाच्या रक्तात सिकलसेल या आनुवंशिक रक्तविकाराचा दोष आहे; त्याला प्रत्यक्ष आजार नाही, तो वाहक आहे. त्याचे एचबीए१सी ५.४ आले, पण घरच्या ग्लुकोमीटरवर सकाळची साखर वारंवार १३५ ते १४० दिसते. तिकडच्या लॅबने साखर नाही म्हणून सांगितले आहे.

सी-५०४, डॉक्टर: ताई, हे आपण विचारलेत हे फार चांगले झाले. विदर्भात आणि नंदुरबारकडे सिकलसेल आढळतो, तरीही मधुमेहाच्या अहवालावर त्याचा विचार फारसा होताना मी पाहिलेला नाही. सिकलसेलचा प्रत्यक्ष आजार असलेल्यांच्या लाल पेशी १२० दिवस टिकतच नाहीत, काही आठवड्यांतच नष्ट होतात. साखर चिकटायला पुरेसा अवधी मिळत नाही आणि एचबीए१सी फसवे कमी येते, म्हणून त्यांच्यात ही तपासणी वापरूच नये. वाहकांच्या पेशी साधारण पूर्ण काळ जगतात, परंतु त्यांचे हिमोग्लोबिन वेगळ्या घडणीचे असल्याने काही यंत्रांवर आकडा चुकू शकतो. तपासणी कोणत्या पद्धतीने केली, हे लॅबला विचारावे. आपल्या भावाने मात्र यात वेळ घालवू नये. शिरेतून रक्त देऊन उपाशीपोटीची साखर आणि ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर तपासावी. उपाशीपोटी १२६ किंवा अधिक, अथवा दोन तासांनी २०० किंवा अधिक आल्यास मधुमेह मानतात. लक्षणे नसतील तर एकाच आकड्यावर शिक्का न मारता दुसऱ्या तपासणीने खात्री करून घेतात. पुढील उपचारांवर लक्ष ठेवण्यासाठी फ्रुक्टोसामाइन नावाची तपासणी आहे. ती हिमोग्लोबिनवर अवलंबून नसते आणि मागील दोन-तीन आठवड्यांचा अंदाज देते.

रक्तस्राव झाल्यावर, रक्त चढवल्यावर किंवा मूत्रपिंडाच्या रुग्णांना रक्तवाढीची इंजेक्शने चालू असतानाही एचबीए१सी विश्वासाचे राहत नाही, हे ओघाने सांगून ठेवते.

ए-१०१: मॅडम, मग माझ्याही अहवालाचे सांगा. शिबिराच्या दिवशी मी घरच्या मशीनवर उपाशीपोटी १२८ पाहून खाली आलो. शिबिराच्या अहवालात १०४ आहे. चोवीसचा फरक! मशीन फेकून द्यावे की लॅबवर विश्वास ठेवू नये?

सी-५०४, डॉक्टर: दोन्हीपैकी काहीच करू नये, काका. घरच्या ग्लुकोमीटरसाठी असलेल्या आंतरराष्ट्रीय मानकानुसार, साखर १०० च्या वर असताना शंभरपैकी पंचाण्णव वेळा आकडा खऱ्या किमतीच्या १५ टक्के अलीकडे-पलीकडे आला तरी मशीन उत्तीर्ण मानतात. त्यामुळे १२८ हा आकडा १२८ म्हणून न वाचता ११० ते १४५ च्या आसपास कुठेतरी, असा वाचावा. आंबा चिरून हात न धुता बोट टोचले तर त्याहूनही मोठा घोटाळा होतो.

परंतु शिबिराचा १०४ मलाही थोडा कमीच वाटतो. रक्त नळीत घेतल्यावरही त्यातील पेशी जिवंत असतात आणि साखर खात राहतात. साध्या नळीत ठेवलेल्या रक्तातील साखर दर तासाला सुमारे ५ ते ७ टक्क्यांनी घटते. म्हणून साखरेसाठी राखाडी टोपणाची, आत फ्लुओराइड असलेली नळी वापरतात. फ्लुओराइडचाही परिणाम पूर्ण व्हायला एक-दोन तास लागतात, तोपर्यंत घट चालूच राहते. आपल्याकडे सात वाजता रक्त घ्यायला सुरुवात झाली आणि नळ्यांचा डबा अकरानंतर हलला, हे मी स्वतः पाहिले. जे सर्वांत आधी आले त्यांच्या नळ्या सर्वांत जास्त वेळ बसून होत्या, आणि काका, रांगेत पहिले आपणच होतात. एचबीए१सी साठीचे रक्त जांभळ्या टोपणाच्या वेगळ्या नळीत असते, त्याला या चार तासांचा फरक पडत नाही.

ए-१०१: लवकर येण्याचे हे फळ! असो, माझे एचबीए१सी ७.१ आहे. गेली नऊ-दहा वर्षे मेटफॉर्मिन चालू आहे. हल्ली तळपायाला मुंग्या येतात, साखरेमुळे नसा खराब होत असतील असे समजून मी गप्प आहे.

सी-५०४, डॉक्टर: सात पूर्णांक एक हा आपल्या वयाला चांगला आकडा आहे, परंतु मुंग्यांबाबत गप्प बसू नये. मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्याने आतड्यातून बी-१२ जीवनसत्त्व शोषले जाण्यात अडथळा येतो, आणि बी-१२ च्या कमतरतेतही पायाला अगदी अशाच मुंग्या येतात. आपण पूर्ण शाकाहारी आहात, म्हणजे मुळातच साठा बेताचा. दोन्हींतला फरक नुसत्या लक्षणांवरून ओळखणे कठीण असते, परंतु बी-१२ ची कमतरता इंजेक्शनांनी किंवा गोळ्यांनी भरून काढता येते. फार उशीर झाल्यास नसांची झालेली हानी पूर्ण भरून येत नाही. या आठवड्यातच तपासणी करून घ्या.

ई-४०१: माफ करा, मध्येच बोलतो. मेटफॉर्मिनने मूत्रपिंडे निकामी होतात असा संदेश परवा आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर आला होता. काकांनी ती गोळीच बंद करावी का?

सी-५०४, डॉक्टर: नाही. हा संदेश वर्षानुवर्षे फिरतो आहे आणि त्यात कारण व परिणाम यांची उलटापालट झालेली आहे. मेटफॉर्मिन मूत्रपिंडे बिघडवत नाही. मूत्रपिंडे आधीच फार बिघडलेली असतील तर हे औषध शरीराबाहेर नीट टाकले जात नाही आणि रक्तात आम्ल साचण्याचा धोका असतो, म्हणून ईजीएफआर, म्हणजे मूत्रपिंडांची गाळण्याची क्षमता दाखवणारा आकडा, ३० च्या खाली गेल्यास डॉक्टर ते बंद करतात. लोकांना एवढेच दिसते की मूत्रपिंडाच्या रुग्णाची गोळी थांबवली. अशा संदेशामुळे गोळी सोडून बसलेल्यांची साखर वाढते आणि त्या साखरेनेच मूत्रपिंडांचे नुकसान होते, हे मी अनेकदा पाहिले आहे. काकांची क्रिएटिनिन ही मूत्रपिंडांची तपासणी याच शिबिरात झाली आहे, त्याशेजारी ईजीएफआरही छापलेला असेल. तो आकडा कागदावर असताना संदेशावर विश्वास कशाला ठेवायचा?

ई-४०१: समजले. आमच्या वडिलांचा एक प्रश्न आहे. त्यांना मधुमेह नाही, हृदय अशक्त आहे. रक्तातील साखर ९८, पण लघवीत साखर ‘तीन अधिक’ अशी आली आहे. आम्ही सगळे घाबरलो आहोत.

सी-५०४, डॉक्टर: हृदयाच्या डॉक्टरांनी डॅपाग्लिफ्लोझिन किंवा एम्पाग्लिफ्लोझिन नावाची गोळी दिली आहे का, ते पाकिटावर पाहून सांगा.

ई-४०१: होय, डॅपाग्लिफ्लोझिन १० मिलीग्रॅम, दोन महिन्यांपासून.

सी-५०४, डॉक्टर: मग लघवीत साखर दिसणे म्हणजे गोळी काम करते आहे. एरवी मूत्रपिंडे गाळलेली साखर पुन्हा रक्तात ओढून घेतात. ही गोळी ती ओढ कमी करते, त्यामुळे साखर लघवीवाटे बाहेर पडते. हे औषध मधुमेहासाठी आले, परंतु हृदयाच्या आणि मूत्रपिंडांच्या दुर्बलतेत त्याचा फायदा दिसल्याने आता मधुमेह नसलेल्यांनाही देतात. लघवीची जागा स्वच्छ ठेवावी आणि तिथे खाज सुटल्यास लाजेने लपवू नये. उलट्या-जुलाब होत असतील, खाणे-पिणे बंद असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर गोळीबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. लघवी तपासणाऱ्यालाही गोळीचे नाव सांगावे, म्हणजे पुन्हा सारे घर घाबरणार नाही.

बी-७०२: डॉक्टर, माझे वय चौतीस, वजन उंचीच्या मानाने योग्य, रक्त उत्तम, तरीही एचबीए१सी ५.९. हाही आकडा फसवा आहे, असे मानू का?

सी-५०४, डॉक्टर: तसे मानायला मला कारण दिसत नाही. ५.७ ते ६.४ ही मधुमेहपूर्व अवस्था आहे आणि तुमचे हिमोग्लोबिन चांगले आहे. ‘मी तर सडपातळ’ या समजुतीला पुण्यातच उत्तर मिळालेले आहे. केईएम रुग्णालयातील डॉ. याज्ञिक आणि लंडनचे डॉ. युडकिन यांचे शेजारी शेजारी काढलेले छायाचित्र २००४ मध्ये लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले होते. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, २२.३ होता, परंतु शरीरातील चरबी युडकिन यांची ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के होती. वजनकाट्याऐवजी टेप घ्या आणि कंबर मोजा. आपल्याकडे पुरुषांसाठी ९० आणि स्त्रियांसाठी ८० सेंटीमीटर ही मर्यादा धरतात. त्यानंतर उपाशीपोटीची आणि ग्लुकोज पिऊन दोन तासांनंतरची साखर एकदा करून घ्या. या टप्प्यावर चालणे-व्यायाम आणि आहार यांचा उपयोग होतो, म्हणून दुर्लक्ष करू नका.

बी-३०२: मॅडम, मी लोहाच्या गोळ्या सुरू केल्यावर एचबीए१सी पुन्हा कधी करावे?

सी-५०४, डॉक्टर: लगेच नको, कारण लोह मिळताच नव्या, साखर न चिकटलेल्या पेशी भराभर येतात आणि आकडा खोटा खाली येतो. हिमोग्लोबिन पूर्ववत होऊन स्थिर झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी करा. तोपर्यंत उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर पुरेशी आहे.

सचिव: पुढील शिबिरात नळ्या दर तासाला लॅबकडे पाठवाव्यात, अशी अट करारात घालतो. सूचनापत्रकात उपाशीपोटी म्हणजे काय, हेही लिहावे लागेल. बिनसाखरेचा चहा चालतो का, असे मला त्या दिवशी अनेकांनी विचारले.

सी-५०४, डॉक्टर: आठ तास साध्या पाण्याशिवाय काहीही नको, कोरा चहासुद्धा नको. साखरेची सकाळची गोळी रक्त दिल्यानंतर खाण्याबरोबर घ्यावी. इतर गोळ्यांबद्दल ज्याने त्याने आपल्या डॉक्टरांना आदल्या दिवशी विचारावे.

ए-१०१: मग सचिवसाहेब, शिबीर सातऐवजी सहा वाजता ठेवा. चहाविना सातपर्यंत थांबणे माझ्याने होत नाही.

सचिव: काका, लॅबवाले सहाला येतील की नाही, हे विचारून उद्या कळवतो.