दुसरं कुत्रं आणावं का? आणलेल्यांचे आणि टाळलेल्यांचे अनुभव हवेत

आमची चिंगी आता चार वर्षांची होईल. नसबंदी झालेली, तब्येत ठणठणीत, स्वभावाने जरा शिष्ट. आम्ही दोघं कामाला बाहेर पडलो की दारापाशी जाऊन बसते, परत येतो तेव्हाही तिथेच असते. बघणारा प्रत्येक जण म्हणतो, "बिचारीला एक सोबत आणा." मुलं तर हात धुऊन मागे लागली आहेत. मला मात्र राहून राहून वाटतं, सोबत तिला हवी आहे की तिला एकटं ठेवल्याची टोचणी आम्हाला घालवायची आहे? फिरायला गेल्यावर ती इतर कुत्र्यांचा वास घेते, शेपूट हलवते आणि आपल्या वाटेने निघते. खेळायला कुणाला बोलवत नाही.

जोडीने गोड दिसतात हे मान्य. मला पहिल्या काही महिन्यांचं सांगा. जमलं तर कशामुळे, बिनसलं तर कशावरून. आणि विचार करून ज्यांनी नको म्हटलं, त्यांनी तर नक्की लिहा. त्यांना कुणी विचारतच नाही.

*

आमच्याकडे मोती आणि त्याच्यानंतर आलेली टिकली. टिकलीला आम्ही आधी फॉस्टरला आणलं होतं, कायमचं घर मिळेपर्यंत सांभाळायला. शक्य असेल तर हाच मार्ग धरा. ‘आता आणलंय, निभवायलाच हवं’ हे ओझं डोक्यावर नसलं की आपणही शांत राहतो आणि कुत्र्यांकडे नीट बघतो.

पहिली भेट घरात केली नाही, कारण घर हा मोतीचा इलाका. एका मोकळ्या मैदानात मी मोतीला आणि नवऱ्याने टिकलीला धरून, मध्ये भरपूर अंतर ठेवून, एकाच दिशेने चालायला लागलो. पट्टे सैल. समोरासमोर आणायचं नाही, कुत्र्यांमध्ये असं थेट नाकावर चालून जाणं उद्धटपणाचं असतं. मोकळी असतात तेव्हा ती वळसा घेऊन बाजूने येतात. अंतर हळूहळू कमी केलं, क्षणभर वास घेऊ दिला की हाक मारून पुन्हा चालायचं. टिकलीने जिथे शू केली तिथे मोतीने बराच वेळ नाक खुपसून सगळी माहिती काढली आणि वर आपली सही ठोकली. तेव्हा मला जरा हायसं वाटलं.

घरात शिरण्याआधी वाडगे, चघळायची हाडं, खेळणी सगळं उचललेलं होतं. पाणी दोन ठिकाणी, जेवण वेगवेगळ्या खोल्यांत दार लावून. ते आजही तसंच आहे. सुरुवातीला मोती तिच्याकडे बघायचाच नाही, मान फिरवून भिंतीकडे तोंड करून बसायचा. घरच्यांना वाटलं रुसला. पण कुत्रं मान फिरवतं, जांभई देतं, ओठ चाटतं तेव्हा बहुतेक वेळा ‘मला कटकट नको’ असंच सांगत असतं. टिकलीला ते कळलं, तिने त्याला निवांत एकटं सोडलं. मग एक दिवस त्यानेच पुढचे पाय टेकवले, ढुंगण वर केलं, आणि घरातल्या चटयांचं वाटोळं सुरू झालं.

खेळ आहे की दादागिरी हे कळायला सोपी चाचणी: जो वरचढ वाटतोय त्याला क्षणभर धरून ठेवा. खालचा आपण होऊन परत त्याच्याकडे आला तर खेळ. संधी साधून पळाला तर तिथेच थांबवा. मोती तिच्या दुप्पट वजनाचा आहे, पण मधूनमधून मुद्दाम उताणा पडून तिला जिंकू देतो.

*

नका आणू. तुम्हीच लिहिलंय की ती खेळायला बोलवत नाही. उत्तर तिथेच आहे.

*

इतकं सरळ नाही हो. आमचा गब्बूही बाहेर कुणाला विचारायचा नाही, घरात आलेल्या छोटीच्या मात्र पहिल्या आठवड्यापासून मागेमागे. बाहेरचं अनोळखी कुत्रं आणि रोजचं घरातलं, यांत फरक पडतो. ओळखीच्या कुणाचं शांत कुत्रं काही दिवस घरी राहायला आणून बघा, मग ठरवा.

*

दोन माद्या आणणाऱ्यांनी हे वाचा. राणी आधीपासूनची, सोनी वर्षाची असताना आली. पहिले बरेच महिने दृष्ट लागावी असं. एकमेकींचे कान चाटायच्या, एकाच गादीवर झोपायच्या. सोनी दोन वर्षांची झाली आणि चित्र पालटलं. मी कामावरून घरी आले की दारातच जुंपायची. कधी खाण्यावरून, कधी मी कुणाला आधी हात लावला यावरून, कधी नुसती बेल वाजली म्हणून. पुढे आम्हाला ट्रेनरने सांगितलं की एकाच घरातल्या भांडणांत एकाच लिंगाच्या जोड्या जास्त दिसतात, दोन माद्यांचं भांडण बरेचदा जास्त जखमा करणारं असतं, आणि नवीन आलेली वयात आली की असे प्रकार सुरू होतात. दोघींची नसबंदी झालेली होती, त्यामुळे तो उपायही हाताशी नव्हता.

भांडण लागल्यावर मध्ये हात घालू नका. माझ्या भावाने घातला, त्या आवेशात कुणाचा दात कुणाला लागतो हे त्यांनाही कळत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुतली आणि तडक डॉक्टरांकडे नेलं. कुत्री घरची, लस झालेली, तरीही हे करायचंच. जाड चादर अंगावर टाकणं, भांडं आपटून मोठा आवाज करणं, यांनी सुटतात.

आम्ही बराच काळ दारं आणि जाळीची फाटकं लावून पाळ्या केल्या. एक बाहेर, एक आत. घरातलं कुणीच निवांत बसत नव्हतं. शेवटी सोनी माझ्या मावशीकडे गेली. तिथे एकटीच आहे, सुखात आहे. इथे राणीही निवांत झाली. दोघीही वाईट नव्हत्या. एकत्र नको होत्या, इतकंच.

*

चिंगी दारापाशी बसते म्हणालात. बसून काय करते ते कॅमेरा लावून बघितलंत का? आमचा बंड्या एकटा राहिला की दार ओरबाडायचा, लाळ गाळायचा, पाण्याला तोंड लावायचा नाही. सोबतीला दुसरा आणला तरी बंड्याचं तेच, कारण त्याला कुत्रं नको होतं, माणूस हवं होतं. नव्याने मात्र त्याचं बघून भुंकायला शिकून घेतलं. नंतर डॉक्टरांची औषधं आणि अगदी थोड्या थोड्या वेळापासून एकटं राहायची सवय, यांनी फरक पडला. दुसऱ्या कुत्र्याचा त्याला काडीचाही उपयोग झाला नाही. (तो आमचा फार लाडका आहे, तो भाग निराळा.)

*

चांगलं सुचवलंत. काल जुना मोबाईल लावून गेलो. चिंगी सुरुवातीला थोडा वेळ दाराशी बसली, मग सोफ्यावर चढून, जिथे चढायला तिला मनाई आहे तिथे, चार पाय वर करून घोरत पडली. आम्ही यायच्या बेताला उतरून पुन्हा दाराशी. बिचारी वगैरे काही नाही हे उघड झालं. मुलांचा हट्ट अजून कायम आहे, त्यामुळे पिल्लू आणावं की मोठं कुत्रं यावरही लिहा.

*

मी पशुवैद्य आहे, माझ्या कामाचं तेवढं सांगतो. नवीन येणारं पिल्लू असो वा मोठं, पहिले दोन आठवडे शक्यतो वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत ठेवा. पार्व्हो या आतड्यांच्या जीवघेण्या विषाणूची लागण झालेलं पिल्लू आणताना उड्या मारत असतं आणि साधारण तीन ते सात दिवसांनी उलट्या-जुलाब सुरू होतात, क्वचित चौदा दिवसही लागतात. हा विषाणू जमिनीवर, मातीत महिनोन्‌महिने टिकतो, फरशी पुसायच्या नेहमीच्या द्रावणांना दाद देत नाही, ब्लीचसारखं काही लागतं. त्यामुळे आधीच्या कुत्र्याच्या लसी पूर्ण आहेत ना, हे आणण्याआधी बघा. पिल्लाच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होऊन सोळा आठवड्यांपर्यंत चालतात. जंत, गोचीड, खोकला, सगळं पहिल्या भेटीत तपासून घ्या.

नर आणि मादी ठेवणार असाल तर नसबंदीचं आधीच ठरवा. मादी सहाव्या महिन्यातही माजावर येऊ शकते. नराचं ऑपरेशन झालं म्हणजे त्याच दिवसापासून निर्धास्त, असंही नाही. नंतर काही आठवडे गर्भधारणा होऊ शकते. "भाऊ-बहीणच आहेत हो" म्हणून निश्चिंत राहिलेली माणसं साधारण 63 दिवसांनी माझ्याकडे पिल्लं दाखवायला येतात.

*

पिल्लू की मोठं? आमचा बाळू 11 वर्षांचा, मागच्या पायांना संधिवात. नातवंडांसाठी पिल्लू आणलं. पिल्लाला ‘बास’ कळत नाही. कानाला लोंबकळणार, झोपलेल्याच्या अंगावर उडी मारणार, आणि दुधाचे दात सुयांसारखे. बाळू गुरगुरला की घरचे त्यालाच दटावायचे. ते मी बंद करवलं. गुरगुरणं म्हणजे त्याने दिलेली समज. ती दाबली तर पुढच्या खेपेला समज न देता चावा येतो. पिल्लाला उचलून बाजूला घ्यायचं काम आपलं. बाळूला एक खोली दिली, पिल्लाला तिथे मज्जाव. म्हातारं कुत्रं असेल तर शांत, मधल्या वयाचं आणा, पिल्लाच्या भानगडीत पडू नका.

*

आणि दोन पिल्लं एकदम तर मुळीच नको. आम्ही सख्खी भावंडं आणली. एकमेकांत इतकी गुंतली की आमच्या हाकेला किंमत शून्य. एकाला पाच मिनिटं फिरायला नेलं तर दुसरा घर डोक्यावर घेई. प्रत्येकाला वेगळं फिरवणं, वेगळं शिकवणं, वेगळं झोपवणं हे सगळं करावं लागलं.

*

मी नको म्हटलेल्यांतली. आमच्या जोडीतला एक गेल्यावर उरलेली छकुली त्याच्या जागेवर जाऊन बसायची, जेवण अर्धं टाकायची. सगळे म्हणाले लगेच दुसरं आणा. मी थांबले. तिला रोजच्या वेळा तशाच ठेवल्या, फिरणं वाढवलं, वास शोधायचे खेळ सुरू केले. हळूहळू खुलली, आणि मग लक्षात आलं की एकटीला माझा सगळा वेळ मिळतोय हे तिला भलतंच पसंत आहे. शेजारच्यांच्या कुत्र्याबरोबर अधूनमधून हुंदडते, मग घरी येऊन दार लावून घेतल्यासारखी झोपते. आणायचं असतं तर माझ्यासाठी आणलं असतं. तेही चूक नाही, फक्त तिच्या नावावर खपवू नये.

*

दोन आहेत, आनंदात आहोत, पण हिशेब आधी करा. लसी, औषधं, खाणं दुप्पट होतंच. खरी अडचण गावाला जाताना. एका कुत्र्याला सांभाळायला कुणीही हो म्हणतं, दोन म्हटलं की फोनवर शांतता. शिकवताना एकेकट्याला घ्यावं लागतं, एकत्र घेतलं की दोघंही एकमेकांकडेच बघतात. आणि दोघांची नखं एकाच दिवशी कापायला काढू नका. पहिलीचं केकाटणं ऐकून दुसरा पलंगाखाली जातो, आणि तिथून त्याला काढायला घरातली सगळी माणसं लागतात.