कायोटीसाठी सापळा लावायला शिकावं का?

कॅन्ससकर:
इथे अमेरिकेत, कॅन्ससमध्ये आमच्या 14 शेळ्या आहेत. या मार्चमध्ये कायोटीनं पाच करडं नेली. (कायोटी म्हणजे आपल्या कोल्ह्याहून मोठा, लांडग्याहून लहान.) शेजारचे आजोबा सापळे लावण्यात मुरलेले आहेत, त्यांच्या हाताखाली या हिवाळ्यात शिकणार आहे. माझं मत असं, की जनावरं पाळणाऱ्यानं हे शिकावं, पण नीट शिकावं. इथे 1 जुलै 1966 पासून पुढे जन्मलेल्यांना फरसाठी प्राणी पकडण्याचा परवाना हवा तर आधी प्रशिक्षण घ्यावं लागतं. लावलेला सापळा रोज तपासायचा.

नवखा माणूस जबड्यात पाय पकडणारा नवा सापळा तसाच पुरतो आणि फसतो. आधी उकळून त्यावरचं तेल काढायचं, मग रंग, मग मेण. उंदराचं वाटेल असं तिरपं बीळ खणायचं, आत आमिष, आणि वीतभर अलीकडे सापळा. तो जमिनीत घट्ट बसला पाहिजे. पायाखाली डुगडुगला, तर कायोटी तो उकरून बाहेर काढतो. साखळीला फिरत्या कड्या हव्यातच, नाहीतर अडकलेला पाय पिळवटतो.

फरच्या पैशांसाठी मात्र यात पडू नका. कॅनडा गूज या महागडी जाकिटं बनवणाऱ्या कंपनीनं 2021 मध्ये फर बंद करण्याचं जाहीर केलं आणि कायोटीच्या कातड्याचे भाव कोसळले.

कॅलिफोर्नियातून:
आमच्या राज्यानं 2019 मध्ये हौसेसाठी आणि फरच्या धंद्यासाठी सापळे लावण्यावर बंदी घातली, ते योग्यच केलं. रोज तपासला तरी जनावर रात्रभर त्या जबड्यात असतं. शिवाय करडं गेली मार्चमध्ये आणि सापळे लावणार हिवाळ्यात? तेव्हा सापडतात त्यांत आईबापांपासून वेगळे होऊन भटकणारे तरुण कायोटी पुष्कळ. शेळ्यामेंढ्या मारते ती बहुतेकदा पिल्लं वाढवणारी कायोटींची जोडी. तुम्ही भलत्यालाच माराल.

माणदेशी:
आमच्याकडे लांडगा मेंढरू नेतो. धनगर रात्री मेंढरं वाघरीत (जाळीच्या कुंपणात) कोंडतात, कुत्री सोडतात, माणूस तिथेच झोपतो. 1972 च्या वन्यजीव कायद्यानं लांडग्याला हात लावता येत नाही, तरी कळप टिकलेत. आधी राखण करा, दादा.

मिझुरीवाला:
सापळ्याला सरसकट शिव्या नकोत. आमच्या नद्यांतून पाणमांजरं जवळपास संपली होती. 1982 पासून लुइझियानात पायाच्या सापळ्यांनी जिवंत पकडून ती इथे सोडली. लावणारा कोण आणि तपासतो कधी, यावर सगळं आहे.

कॅन्ससकर:
माणदेशी, रात्री गोठा बंदच असतो. करडं भर दुपारी गेली, आणि मी तेव्हा कामावर. राखणीच्या ग्रेट पिरेनीज जातीच्या कुत्र्याचं पिल्लू आणलंय, पण ते कळप सांभाळायला तयार होईपर्यंत दोन वर्षं जातील. कॅलिफोर्नियाकर, हिवाळ्याचा तुमचा मुद्दा मला पटला. आता हिवाळ्यात फक्त हात बसवणार, आणि खरे सापळे शेळ्या विण्याच्या दिवसांत, जिथून करडं गेली त्या ओढ्याच्या कडेलाच.

कॅलिफोर्नियातून:
आणि त्यात तुमचंच पिल्लू अडकलं तर?

कॅन्ससकर:
डोक्यावर जाकीट टाकायचं, म्हणजे ते चावत नाही. मग सापळ्याच्या दोन्ही बाजूंच्या पट्ट्या पायांनी एकदम दाबायच्या, की जबडा उघडतो. बायकोकडून आणि मुलाकडून दहा-दहा वेळा करून घेतलंय, कारण तेव्हा घरी तेच असणार.