मदत हवी आहे: थान्यात (पोलीस ठाण्यात) ‘नकली फौजी’ असल्याची तक्रार, मूळ डिस्चार्ज बुक जमा करायचं का?

जय हिंद मंडळी. मी इंदूरचा. १९८४ साली महार रेजिमेंटमध्ये भरती झालो, २००८ साली हवालदार म्हणून पेन्शनवर आलो. वय साठीच्या पुढे. विषय गुंत्याचा आहे, म्हणून जरा लांबण लागेल.

आमच्या वॉर्डातल्या एका गृहस्थांनी थान्यात आवेदन दिलंय की हा माणूस फौजी नाहीच, दुसऱ्या कुणाच्या कागदांवर पेन्शन खातोय. पुरावा काय, तर नाव. डिस्चार्ज बुक (फौजेतून सुटताना मिळणारं नोकरीचं पुस्तक) आणि पीपीओ (पेन्शनचा आदेश) दोन्हीकडे माझं नुसतं नाव आणि आडनाव आहे. आधार, मतदार कार्ड आणि घराच्या रजिस्ट्रीत मात्र नावाला ‘राव’, मधे वडिलांचं नाव आणि त्यालाही ‘राव’. होळकरांच्या काळापासून इथं राहिलेल्या आमच्या घरांत पाळण्यातल्या पोरालाही राव लागतो, हे भरतीच्या बाबूला कोण सांगणार? शाळेच्या दाखल्यावर होतं तेवढं त्याने उतरवलं. जन्मतारीख आणि वडिलांचं नाव सगळीकडे जुळतं, पण तक्रारीत ते कुठून येणार.

आता हे आत्ताच का उपटलं? नगर निगमच्या मागच्या निवडणुका जुलै २०२२ मध्ये झाल्या, पुढच्या २०२७ मध्ये. वॉर्डावॉर्डात चाचपणी सुरू आहे. एका पक्षाची माणसं आमच्या पूर्व सैनिक प्रकोष्ठात (माजी सैनिकांच्या आघाडीत) या म्हणून घरी आली होती. चहा पाजला, नाही म्हटलं. पुढे त्यांच्या नेत्याच्या वाढदिवसाला चौकात फ्लेक्स लागला आणि त्यात मी, छातीवर मेडल लावून! फोटो शाळेतल्या २६ जानेवारीच्या ध्वजवंदनाचा. मला कुणी विचारलं नाही. दुसऱ्या बाजूने धरून चालले की मी तिकीट मागतोय, आणि लगेच हे आवेदन पडलं. गंमत म्हणजे आता दोन्हीकडून निरोप येतात, “भाईसाहेब, एक फोन करतो, फाइल बंद.” मला तो फोन नकोय. फोनने बंद झालेली फाइल फोनने उघडतेही.

थान्यातून हेड कॉन्स्टेबल साहेबांचा फोन आला की सगळे मूळ कागद घेऊन या, जमा करा. लेखी नोटीस नाही. टीआय साहेबांना (थान्याचे प्रभारी) भेटलो, माणूस सभ्य वाटला. म्हणाले, “फौजी आदमी हो, चिंता मत करो, कागज छोड़ जाओ.” पावतीचं विचारलं तर “बाद में दे देंगे.”

पोलिसांबद्दल तक्रार म्हणून हे लिहीत नाही. आमच्या गार्डवर दोन तास पहारा झाला की चार तास पाठ टेकायला मिळायची. इथला बीटचा शिपाई अनंत चतुर्दशीच्या झांक्यांना रात्रभर उभा, रंगपंचमीच्या गेरला (रंगांच्या मिरवणुकीला) दिवसभर उभा, आणि मधल्या वेळात असली आवेदनं तपासतो. २०२१ च्या डिसेंबरात शहरात कमिश्नर प्रणाली आली, वर साहेब वाढले. खाली शिपाई किती वाढले ते त्यांनाच विचारा. पण एक गोष्ट खटकते. फौजेत पार्ट टू ऑर्डर (युनिटची लेखी नोंद) निघाल्याशिवाय तुमचं लग्न झालं, मूल झालं, हेसुद्धा सरकार मानत नाही. नोकरीत असताना आम्ही त्यावर भरपूर शिव्या घातल्या. इथं मात्र माझी अख्खी नोकरी खरी की खोटी हे तोंडी ठरतंय, आणि मागताहेत तो माझ्याकडचा एकमेव मूळ कागद.

तर जाणकारांनी सांगावं, मूळ कागद द्यावे का? पोलीस थेट सागरला असलेल्या आमच्या रेजिमेंटच्या रेकॉर्ड ऑफिसला विचारू शकत नाहीत का? दोन नावांचा तिढा कायमचा कसा सोडवायचा? आणि त्या फ्लेक्सचं काय करू?

शीटरोल (नाशिक): राम राम साहेब. मी रेकॉर्डला क्लार्क होतो, म्हणून हक्काने सांगतो, मूळ डिस्चार्ज बुक हातातून सोडू नका. दुसरं सहजी मिळत नाही. वर, हरवलं तर हरवल्याचा रिपोर्ट त्याच थान्यात लिहवावा लागेल!

फौजेत तुमची ओळख तुमच्या आर्मी नंबरने पटते. तो नंबर दुसऱ्या कुणाचा असू शकत नाही. शीट रोलमध्ये (रेकॉर्ड ऑफिसातल्या तुमच्या नोंदपत्रात) अंगावरच्या खुणा, वडिलांचं नाव, गाव, लग्न, मुलं सगळं असतं. थान्याने लेटरहेडवर नंबर, रँक आणि नाव लिहून रेकॉर्ड ऑफिसला पत्र टाकलं की उत्तर येतं. तुम्हीही तुमच्या जवाबात लेखी मागणी करा की पडताळणी थेट तिथून करावी. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जा, पूर्व सैनिक म्हणून नोंद आणि ओळखपत्र तिथलंच असणार. तिथल्या अधिकाऱ्याचं एक पत्र थान्यात बरंच काम करतं.

नावाचं म्हणाल तर फौजेचं नाव बदलायच्या फंदात पडू नका. आधार बदला. आधारावर नाव आयुष्यात दोनदा बदलता येतं, ते पीपीओप्रमाणे करून घ्या. घरातला राव घरात राहू द्या. पेन्शन स्पर्शवर (संरक्षण पेन्शनच्या ऑनलाइन पोर्टलवर) गेल्यापासून आधार आणि पीपीओ जुळलेलं असलेलं बरं, नाहीतर नोव्हेंबरात जीवन प्रमाणाच्या (हयातीच्या दाखल्याच्या) वेळी डोकं धरून बसावं लागतं.

काळाकोट_इंदूर: काका, मी जिल्हा कोर्टात वकिली करतो. कागद हवे असतील तर बीएनएसएसच्या (सीआरपीसीच्या जागी आलेल्या नव्या कायद्याच्या) कलम ९४ खाली लेखी आदेश द्या, असं नम्रपणे सांगा. साक्षीदार म्हणून बोलवायचं असेल तर कलम १७९ प्रमाणे साठीच्या वरच्या पुरुषाला घराबाहेर बोलावता येत नाही, त्यांनी तुमच्याकडे यायचं. जुन्या कायद्यात ही मर्यादा ६५ होती. मात्र तुम्हालाच आरोपी धरलं तर हे लागू नाही. तेव्हा ३५(३) ची नोटीस येईल, आणि ती आली की हजर राहायचंच. तिथे ताठा नको.

तूर्तास स्वतः सही केलेल्या छायाप्रती जोडून लेखी जवाब द्या, मूळ कागद समोर दाखवा आणि परत घ्या. जवाबाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. घेत नसतील तर स्पीड पोस्ट, आणि मंगळवारी जनसुनवाई (अधिकाऱ्यांसमोर तक्रारी मांडायचा दिवस) आहेच. तक्रार जाणूनबुजून खोटी निघाली तर बीएनएसचं (आयपीसीच्या जागी आलेल्या न्याय संहितेचं) कलम २१७ आहे, पण ते नंतर. आधी तुमचा कागद रेकॉर्डवर येऊ द्या.

फ्लेक्सबद्दल: सैनिकांचे फोटो प्रचारात वापरू नका, असं निवडणूक आयोगाने पक्षांना डिसेंबर २०१३ मध्ये कळवलं होतं आणि ९ मार्च २०१९ ला पुन्हा बजावलं. आत्ता आचारसंहिता नाही, शिवाय निगमची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, म्हणून नुसत्या त्या पत्रावर कारवाई होईल असं समजू नका. पण पक्षाच्या शहराध्यक्षांना लेखी हरकत देताना त्याचा उल्लेख करा, प्रत निगमच्या झोन कार्यालयाला. परवानगीशिवाय लावलेला असेल तर ते तसाही उतरवतील. त्या हरकतीची प्रत थान्यातल्या जवाबालाही जोडा. तुम्ही कुणाचे उमेदवार नाही, हे त्यातून आपोआप दिसेल.

पोहेजिलेबी: काका एवढं कशाला? विधायकजींकडे सकाळी जाऊन बसा, पाच मिनिटांत काम होतं. आमचं झालंय.

धागाकर्ता: पोहेजिलेबी, तुझं झालं असेल बाबा. पण मग २०२७ ला त्यांच्या मंचावर खुर्ची पकडून बसावं लागेल. फौजेत चोवीस वर्षं राजकारणावर बोलायची मुभा नव्हती. आता आहे, तर ती कुणाच्या उपकारात घालवायची नाही. मत देतो, ते पुरे.

वकील साहेब, शीटरोल भाऊ, फार आभार. जवाब आज लिहायला घेतो. सोबत माहितीच्या अधिकारात माझ्याच शीट रोलची प्रत मागवतो. दहा रुपये आणि तीस दिवस, बघू. कागद चाळताना आणखी एक दिसलं. पीपीओत मंडळींचं नाव माहेरचं पडलंय, आधारावर सासरचं. हे आत्ताच उकरून काढू की थान्याचं आटोपल्यावर?

शीटरोल (नाशिक): साहेब, हे तर थान्याच्या आधी. तुमच्यामागे फॅमिली पेन्शनला धावपळ वहिनींना करावी लागेल, आणि तेव्हा सही करायला तुम्ही नसाल. लग्नाची पार्ट टू ऑर्डर कुठल्या नावाने निघाली ते शीट रोलमध्ये बघा. ॲफिडेव्हिट, वहिनींचं आधार आणि दोघांचा फोटो लावून अर्ज सैनिक कल्याण कार्यालयामार्फत रेकॉर्डला पाठवा. दुरुस्तीचा पीपीओ निघाला की स्पर्शवर नाव बदललं का ते स्वतः लॉगिन करून तपासा. दुसऱ्या कुणाला पासवर्ड देऊ नका, मुलालासुद्धा.