मक्याच्या इथेनॉल प्लांटमधलं तेल काढायचंय: कुठलं मशीन, कुणाचा अनुभव?

रबाळे_फॅब

नमस्कार मंडळी. रबाळे एमआयडीसीत माझं छोटं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे. टाक्या, व्हेसल, पाइपिंग असली कामं करतो.

माझा मेव्हणा मराठवाड्यात एका धान्याच्या डिस्टिलरीत शिफ्ट बघतो. 100 केएलपीडीचा, म्हणजे रोज लाखभर लिटर इथेनॉलचा प्लांट, मक्यावर चालतो. डीडीजीएसला, म्हणजे इथेनॉल काढून उरलेल्या वाळवलेल्या चोथ्याला (पशुखाद्यात जातो), गेल्या वर्षभरात भाव नाही म्हणून मालक वैतागलेत. कुणीतरी त्यांच्या डोक्यात घातलं की अमेरिकेत सगळे सिरपमधून, म्हणजे इथेनॉल काढून उरलेलं पाणी आटवून होणाऱ्या काकवीतून, तेल काढून वेगळं विकतात. बाहेरच्या कंपनीचं कोटेशन आलं आणि मालक गप्पच झाले. मग मेव्हणा माझ्याकडे. "दाजी, टाकी, कॉइल, पंप तुम्ही करा, मशीन जुनं बघू, अर्ध्यात होईल."

परवा तो येताना सिरपचं सॅम्पल कोल्ड्रिंकच्या बाटलीत घेऊन आला. शिळफाट्याला दीड तास अडकला, बाटली डिकीत तापली. घरी आल्यावर बघितलं तर वर बोटभर लालसर थर, खाली चॉकलेटी गाळ. बायकोने वास घेऊन विचारलं, कणसं उकडून विसरलात का कुठे?

आता प्रश्न. तेल फिरवून वेगळं करायला ट्रायकॅन्टर घ्यावा की डिस्कवाला सेपरेटर? जुना चालेल का? पेटंटची काही भानगड आहे का? आणि हे तेल घेतं कोण? आधी एका पार्टीने काम करून घेऊन पैसे अडकवलेत, त्यामुळे या वेळी नीट विचारून उतरायचंय.

महापे_सेल्स

आधीच सांगतो, मी सेपरेटर विकतो, त्या हिशेबाने वाचा. सिरपमध्ये बारीक घन पदार्थ भरपूर, त्यामुळे तीन फेज, म्हणजे तेल, पाणी आणि गाळ, वेगळे करणारा आडवा डिकँटरच घ्या. ट्रायकॅन्टर हे खरं तर फ्लॉटवेग या जर्मन कंपनीचं नाव, पण आता झेरॉक्ससारखं सगळेच म्हणतात. डिस्क स्टॅकमधून तेल जास्त स्वच्छ येतं, पण त्याला जाणारा माल स्वच्छ लागतो. जुनं घेणार असाल तर बाउल (फिरणारं भांडं) आणि स्क्रोल (गाळ ढकलणारा स्क्रू) यांची झीज, बॅलन्सिंगचा रिपोर्ट आणि बेअरिंग बघितल्याशिवाय ॲडव्हान्स देऊ नका.

कोपरीचे_काका

रबाळे_फॅब, मशीनचं नंतर. मेव्हण्याला आधी एक विचारा: वर्षातले किती दिवस प्लांट खरंच मक्यावर चालतो?

का विचारतोय ते सांगतो. आपल्याकडचे धान्याचे प्लांट मका स्वस्त तर मका, तांदूळ स्वस्त तर तांदूळ असे चालतात. डिसेंबर 2023 मध्ये उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधनं आली, जानेवारी 2024 मध्ये मक्याच्या इथेनॉलचा दर प्रोत्साहन धरून 71.86 रुपये लिटर झाला, आणि सगळे मक्याच्या मागे लागले. पुढे जानेवारी 2025 मध्ये एफसीआयचा (अन्न महामंडळाचा) तांदूळ इथेनॉलसाठी 2250 रुपये क्विंटलने खुला झाला. मक्याचा हमीभावच तेव्हा 2225 होता आणि पुढच्या हंगामाला 2400 झाला. मालक काय करणार? आणि तांदळात तेल जवळपास नसतंच, ते कोंड्याबरोबर गिरणीतच गेलेलं असतं. म्हणजे तांदूळ चालू असेल तेवढे दिवस तुमचं मशीन ताडपत्री पांघरून बसणार.

आता आकडे, आणि ते जरा सविस्तर, कारण मालक याच्यावरच निर्णय घेतील. टन मक्यातून 380 लिटर इथेनॉल धरलं तर 100 केएलपीडीला रोज साधारण 263 टन मका लागतो. दाण्यात तेल 4 टक्के धरा, म्हणजे रोज साडेदहा टन तेल प्लांटमध्ये शिरतं. यीस्ट स्टार्चची साखर खातं, तेलाला हात लावत नाही. ते सगळंच्या सगळं डिस्टिलेशनच्या बुडाशी येतं. तिथे डिकँटरमध्ये वेट केक (ओला चोथा) आणि थिन स्लॉप (पातळ पाणी) वेगळे होतात, आणि बरंचसं तेल वेट केकच्या चोथ्यात अडकून ड्रायरला जातं. ते सेंट्रिफ्यूजने निघत नाही. उरलेलं थिन स्लॉपबरोबर आटवायला इव्हॅपोरेटरला येतं. आपण फक्त त्याच्यामागे आहोत. अमेरिकेत बुशेलमागे (सुमारे 25 किलो मका) अर्धा ते एक पौंड तेल मिळतं असं धरतात, म्हणजे टनाला 9 ते 18 किलो. तुम्ही 10 किलो धरा, मुद्दाम कमी. रोजचे 2.6 टन झाले. 330 दिवस मका चालला तर साडेआठशे टनांच्या वर. 180 दिवस चालला तर 470 टनांच्या आत. कर्जाचा हप्ता मात्र बाराही महिने.

आणखी एक, जे कोटेशनमध्ये कुणी लिहीत नाही. तेल काढलं तेवढं वजन डीडीजीएसमधून कमी होतं. त्यामुळे कमाई म्हणजे तेलाचा भाव नव्हे, तेलाचा भाव वजा डीडीजीएसचा भाव. डीडीजीएस पडलेलं असताना हे गणित बरं दिसतं, म्हणूनच मालकांना आत्ता सुचलंय.

रबाळे_फॅब

काका, हे माझ्या डोक्यातच नव्हतं. मेव्हण्याला फोन केला. तो आधी "मक्याचाच प्लांट आहे हो दाजी" म्हणाला. मग म्हणाला, गेल्या सीझनला "थोडे दिवस" तांदूळ चालवला होता. थोडे म्हणजे किती, तर लॉगबुक बघून सांगतो.

घोडबंदर_गृहिणी

एक बावळट प्रश्न. मॉलमध्ये कॉर्न ऑइल मिळतं ते हेच का? तळायला चालतं?

तुर्भे_लॅबवाली

बावळट अजिबात नाही, रोज कुणीतरी विचारतं. नाही, ते वेगळं. खाण्याचं मक्याचं तेल स्टार्चच्या कारखान्यात दाण्याचा अंकुर आधीच वेगळा काढून, पिळून, रिफाइन करून येतं. हे तेल आंबवणं, उकळणं, आटवणं सगळं सोसून बाहेर येतं. यात फ्री फॅटी ॲसिड (एफएफए, तेलातली सुटी आम्लं) सहसा 10 ते 15 टक्के निघतं, रंग गडद तांबडा. हे बायोडिझेलला आणि पशुखाद्याला जातं. तळणीला नाही.

रबाळे_फॅब, तुमच्या बाटलीतला बोटभर थर बघून हुरळू नका. तापून आपोआप वर आलं ते सोपं तेल. खरी परीक्षा स्पिन टेस्टची. दहा मिलीच्या निमुळत्या नळीत गरम सिरप भरायचं आणि छोट्या सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायचं. पॅथॉलॉजीवाल्याकडे रक्तासाठी असतं तसलं मशीन चालतं. नळीत थर दिसतात: वर मोकळं तेल, त्याखाली मळकट साय, मग पाणी, तळाला गाळ. ती साय म्हणजे इमल्शन. प्रथिनं आणि बारीक चोथा तेलाच्या थेंबांना धरून बसलेले असतात. मशीन कुठलंही घ्या, तेल निसटतं ते तिथेच.

तीच नळी 90 अंशांच्या पाण्यात थोडा वेळ ठेवून परत फिरवा. साय पातळ झाली तर उष्णता आणि होल्डिंग टाकी पुरेल. नाही झाली तर डीमल्सिफायर, म्हणजे साय फोडणारं केमिकल लागेल, पॉलिसॉर्बेट 80 प्रकारातलं सहसा वापरतात, आणि तो रोजचा खर्च.

ऐरोली_प्रोसेस

माझं मत जरा वेगळं. छोट्या प्लांटला डिस्क सेपरेटर वाईट नाही. दुधाच्या डेअरीतले जुने बरेच मिळतात, कळंबोलीला स्क्रॅपवाल्यांकडेही फिरून बघा.

कोपरीचे_काका

ऐरोली, हा प्रयोग मी केलेला आहे, म्हणून बोलतो. एका प्लांटवर मालकाच्या हट्टापायी डेअरीतला जुना क्रीम सेपरेटर लावला. पहिली वीस मिनिटं सोन्यासारखं तेल आलं. मालकांनी स्टीलच्या ग्लासात घेऊन सगळ्यांना दाखवलं, पेढे आणायला माणूस पाठवला. पेढे यायच्या आत डिस्क चोंदल्या, बाउल थरथरायला लागला आणि तेलाच्या तोंडातून सिरप. उघडून बघितलं तर डिस्कच्या फटींत पिठल्यासारखा लगदा बसलेला. लाकडी पट्टीने खरवडत रात्रीचे अकरा वाजले. पेढे तेव्हा खाल्ले. डिस्क स्टॅक लावायचाच असेल तर आधी गाळण आणि आपोआप गाळ फेकणारा बाउल हवा, आणि मग तो स्वस्त राहत नाही.

रबाळे_फॅब, तुमच्या कामाचं सांगतो.

सिरप अगदी आटलेलं घेऊ नका. इव्हॅपोरेटरच्या मधल्या इफेक्टमधून (टप्प्यातून), पातळ असतानाच घ्या आणि तेल काढून उरलेलं पुढच्या इफेक्टला परत पाठवा. घट्ट काकवीतून थेंब वर यायला जागाच नसते. मधून घेतल्याचा आणखी एक फायदा म्हणजे पुढच्या ट्यूबांवर चिकटा कमी बसतो.

टाकी एसएस 304, तळ कोनिकल, 85-90 अंश टिकतील एवढी कॉइल आणि वर इन्सुलेशन. तांब्या-पितळेचा व्हॉल्व्ह कुठेही नको, तेल लवकर खवट होतं. ढवळणं अगदी संथ. आणि पंप सेंट्रिफ्यूगल नको, स्क्रू पंप घ्या. ताक घुसळलं की लोणी वर येतं, इथे उलटं आहे: घुसळलंत की तेल आणखी आत शिरतं. मी बघितलेल्या निम्म्या तक्रारी मशीनच्या नव्हत्या, मशीनच्या आधी लावलेल्या पंपाच्या होत्या.

नौपाडा_पेटंट

पेटंटचं मी सांगतो, गोष्ट मजेशीर आहे. सिरप तापवून सेंट्रिफ्यूजने तेल काढण्याच्या पद्धतीवर अमेरिकेत जीएस क्लीनटेक या कंपनीने 2009 पासून पेटंटं मिळवली आणि एकामागून एक इथेनॉल प्लांटांवर दावे ठोकले. अर्ज ऑगस्ट 2004 चा. तिथला नियम असा की अर्जाच्या वर्षभराहून आधी ती गोष्ट विकायला काढली असेल तर पेटंट टिकत नाही. आणि 2003 च्या उन्हाळ्यात त्यांनीच एका प्लांटला ही पद्धत विकण्याचं पत्र दिलं होतं. ते पेटंट ऑफिसपासून दडवलं म्हणून वर आणखी ताशेरे. मार्च 2020 मध्ये फेडरल सर्किटच्या अपील न्यायालयानेही पेटंटं रद्दबातल ठरवली. तसंही अमेरिकेचं पेटंट अमेरिकेतच चालतं. तुम्ही एवढंच बघा की कुणा विक्रेत्याच्या विशिष्ट मशीनचं किंवा केमिकलचं भारतात पेटंट आहे का, आणि करारात ती जबाबदारी त्याच्यावर टाका.

वाशी_तेलवाला

घेणारे आहेत. पण "तेल आहे, घ्या" म्हटलं की कुणी टँकर पाठवत नाही. तीन गोष्टी विचारतील: एफएफए किती, ओलावा-गाळ किती, आणि महिन्याला किती टन नक्की देणार. तिसऱ्यावर तुमचे मालक अडकतील, काकांनी सांगितलं त्याच कारणाने. चार महिने माल, मग बंद, मग परत, असल्या पार्टीला भाव पडूनच मिळतो.

बायोडिझेलवाला एवढा एफएफए थेट घेत नाही, आधी मिथेनॉल आणि ॲसिड लावून तो खाली आणतो, तो खर्च तुमच्या भावातून कापतो. आणि मक्याच्या तेलात मेण असतं. थंडीत टाकीच्या तळाला साका बसतो, टँकर भरताना तो आला की वजनावरून भांडण. तळापासून हातभर वर दुसरा आउटलेट ठेवा.

अजून एक. कुणी "आम्ही रिफाइन करून घेऊ, बिलावर फक्त मक्याचं तेल लिहा" म्हणाला तर दारातूनच परत पाठवा. असे फोन येतात.

पनवेल_पोल्ट्री

आमच्याकडून घाईत एक. तेल काढलेल्या डीडीजीएसची फॅट 10 वरून 6-7 वर येते, एनर्जी घटते, फॉर्म्युला बदलावा लागतो. जुन्या ग्राहकांना न सांगता माल पाठवू नका, लॅबमध्ये दिसतंच. उलट तेल मात्र लेयरच्या, म्हणजे अंड्याच्या कोंबड्यांच्या, खाद्यात बरं, बलकाला रंग येतो. मका बुरशीचा असेल तर ॲफ्लाटॉक्सिन हे बुरशीचं विष डीडीजीएसमध्ये तिपटीने गोळा होतं, ते तेल काढून जात नाही, घनातच राहतं.

रबाळे_फॅब

सगळ्यांचे आभार. अपडेट देतो.

लॅबवाली ताईंनी दोन नळ्या दिल्या. आमच्या गल्लीतल्या पॅथॉलॉजीवाल्याला चहा पाजून दुपारी मशीन मोकळं असताना फिरवलं. तो म्हणाला, पेशंट कोण? पहिल्या फेरीत वर जेमतेम 0.2 मिली तेल, आणि साय त्याच्या दुप्पट. मग घरी पातेल्यात पाणी तापवून वीस मिनिटं ठेवलं आणि पळत परत गेलो. दुसऱ्या फेरीत 0.5 मिली, साय निम्मी. नळी उजेडात धरली तर तेलाचा रंग कडक चहासारखा, आणि साय भिंतीला धरून तिरकी बसलेली.

लॉगबुकही आलं. "थोडे दिवस" म्हणजे पाच महिने.

कोपरीचे_काका

0.2 वरून 0.5 म्हणजे केमिकलशिवाय काम होण्यातलं आहे, पण होल्डिंग टाकी मोठी लागेल. एका बाटलीवर मात्र जाऊ नका. आठवडाभर रोजचं सॅम्पल, तेही इव्हॅपोरेटरच्या मधल्या इफेक्टमधलं, आणि मका दळायच्या हॅमर मिलची जाळी कितीची आहे ते विचारा. दळण जाडं असेल तर तेल चोथ्यातच राहतं. पण फार बारीकही करू नका म्हणावं, थिन स्लॉपमध्ये गाळ वाढतो.

पाच महिने तांदूळ असेल तर मी मशीन विकत घ्यायला सांगणार नाही. तुम्ही टाकी आणि पाइपिंग करा, मशीन भाड्याने किंवा टनावर पैसे घेणारा बघा. महापे_सेल्स, तुमच्याकडे डेमो स्किड (चौकटीवर बसवलेलं चाचणीचं मशीन) आहे ना?

महापे_सेल्स

आहे. छोटा आहे, ट्रकवर जातो. मका चालू असताना पंधरा दिवस लावता येईल. भाडं मेसेजमध्ये सांगतो, इथे सांगितलं तर आमचे साहेब वाचतील.

रबाळे_फॅब

चालेल. मालकांना तसंच सांगितलं. आधी खट्टू झाले, मग म्हणाले, टाकीचं कोटेशन पाठवा. पन्नास टक्के ॲडव्हान्स लिहून पाठवलंय या वेळी. प्रदूषण मंडळाच्या संमतीपत्रात नवीन उत्पादन म्हणून तेल चढवायचं काम त्यांच्याकडे दिलंय.

ताई, तुमच्या नळ्या धुऊन ठेवल्यात, पण एकीचा तेलकटपणा काही जात नाहीये. सोड्याने झालं नाही. काय वापरू?

तुर्भे_लॅबवाली

राहू दे. आठवड्याची सॅम्पलं त्यातच फिरवा, मग एकदमच आणून द्या.