सी विंग: कुत्रा चावल्यावर इंजेक्शन कुठे? (सोसायटी ग्रुप, ११ नोव्हेंबर)

स्नेहल (सी ४०३), रात्री ८.१२: परत तेच. आरवच्या पोटरीला ती तपकिरी कुत्री चावली, डी विंगच्या मागे. दोन दात खोल गेलेत, रक्त येतंय. वॉचमनने हळद भरली. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये म्हणतात इंजेक्शन संपलंय, सकाळी या. आत्ता कुठे मिळेल, कुणी सांगा. गणपतीत मी हेच बोलले होते तेव्हा सगळे हसला होतात.

देशपांडे काका (ए ७०१): डी विंगमागचा दिवा ३ महिने बंद आहे.

शिंदे सिस्टर (बी १०२): स्नेहल, आधी ती हळद धुऊन काढ. पाय नळाखाली धर, साधा साबण लाव, घड्याळ लावून १५ मिनिटं. नुसतं वरून पुसू नकोस, दाताच्या भोकात पाणी गेलं पाहिजे. साबणाने रेबीजच्या विषाणूचं वरचं आवरण फुटतं. हळद, चुना, तिखट भरलं की तोच आत ढकलला जातो. मग बीटाडीन. घट्ट पट्टी नको आणि टाका घालतो म्हणाले तर आज नको म्हण.

अनघा (डी ३०१): स्नेहल, फार वाईट वाटलं गं. पण राणीला मार्चमध्ये लस दिलीये, नसबंदीही झालीये, कानाला खाच बघ. उगाच घाबरू नकोस. शेपटीवर पाय पडला असेल का?

स्नेहल: तो सायकलवर होता अनघा.

मोहिते, सचिव: सर्वांना नम्र विनंती, आधी मुलाचं बघू. बाकी मीटिंगमध्ये.

रोहन (सी २०५): राणीचं लसीकरण झालं. पार्किंगमधल्या राजांचं कधी?

मोहिते, सचिव: रोहन, आत्ता नाही.

शिंदे सिस्टर: अनघा, कानाची खाच म्हणजे तेव्हा नसबंदी झाली आणि तेव्हा लस टोचली, एवढंच. कुत्र्याची लस दर वर्षी लागते. आणि तिला टोचलंय म्हणून मुलाचा कोर्स टाळायचा नसतो. कातडी फाटून रक्त आलं की श्रेणी ३. म्हणजे लस आणि सीरम (तयार प्रतिपिंडं, जखमेत भरतात), दोन्ही. रक्त नाही, नुसता ओरखडा असेल तर श्रेणी २, फक्त लस. धड कातडीवर नुसतं चाटलं तर काही नको.

बाफना (ए १०४): माझ्या औषधाच्या दुकानात लसीच्या २ बाटल्या आहेत, लागल्या तर दुकान उघडतो. सीरम मी ठेवत नाही. आणि लस घेऊन दवाखाने हिंडू नका. २ ते ८ अंशांतच राहिली पाहिजे. बर्फाच्या पिशवीतून न्या, फ्रीझरमध्ये मात्र घालू नका, गोठली की वाया.

शिंदे सिस्टर: बरोबर. लस बहुतेक ठिकाणी मिळेल, अडतं ते सीरमपाशी. खासगी हॉस्पिटलला फोन केलास तर ‘रेबीजचं इंजेक्शन आहे का’ असं विचारू नकोस. ते हो म्हणतात आणि तिथे गेल्यावर निघते नुसती लस. ‘इम्युनोग्लोब्युलिन आहे का आणि लहान मुलाच्या जखमेत भरणारे डॉक्टर आत्ता आहेत का’ असं विचार, सीरमचंच ते नाव. नाहीतर सरळ ससून, अपघात विभाग २४ तास उघडा असतो. १०८ नको, मूल शुद्धीत आहे, चालतंय. रिक्षा कर, कर्वे रोडला आत्ता गर्दी असेल तरी. वजन किती?

स्नेहल: १८ किलो. धुतोय अजून. नवरा रिक्षा बघतोय.

शिंदे सिस्टर: मग घोड्याचं सीरम किलोला ४० युनिट, म्हणजे ७२० युनिट. माणसाचं असेल तर किलोला २०, म्हणजे ३६०. घोड्याच्या बाटलीत मिलीला ३०० युनिट असतात, म्हणून साधारण २.४ मिली. जास्तीत जास्त जखमेतच भरायचं, पार्श्वभागावर टोचून मोकळं व्हायचं नाही. दुखेल, आरव रडेल, तरी ठाम राहा. धनुर्वाताचंही विचार, लसीचं कार्ड घेऊन जा.

जोशी काकू (बी ५०१): *फॉरवर्ड केलेला मेसेज* सावधान! कुत्रा चावल्यास पोटात १४ इंजेक्शने घ्यावी लागतात…

शिंदे सिस्टर: काकू, ती लस भारतात २००४ च्या अखेरीस बंद झाली. आता दंडात. सरकारी दवाखान्यात कातडीत देतात: दोन्ही दंडांत ०.१ मिली, दिवस ०, ३, ७, २८. खासगीत स्नायूत एकेक पूर्ण बाटली: ०, ३, ७, १४, २८. कार्डावर कोणती पद्धत ते लिहून घ्या, मधेच बदलू नका.

जोशी काकू: बरं बाई. मी आपलं काळजीपोटी टाकलं.

देशपांडे काका: दिवा असता तर कुत्री दिसली असती. ३ महिने.

शिर्के (डी १०२): विषय वाढवू नका. मी आणि पोरं आज रात्री तिला टेम्पोत घालून कात्रजच्या पुढे सोडून येतो.

अनघा: हात लावून बघा. २०२३ च्या भटक्या कुत्र्यांच्या नियमांप्रमाणे नसबंदी झालेलं कुत्रं तिथेच राहतं.

शिर्के: नियम आरवला सांगा.

शिंदे सिस्टर: शिर्के, कायदा राहू दे बाजूला. ती कुत्री मला १० दिवस डोळ्यांसमोर पाहिजे. रोज खाते का, लाळ गळते का, विचित्र वागते का. धडधाकट राहिली तर पुढचे डोस द्यायचे का ते डॉक्टर ठरवतात. कात्रजला सोडलीत तर ते कळणार कुणाला? अनघा, रोज सकाळी फोटो टाक. आणि खायला घालायची जागा मुलांच्या खेळण्याच्या बाजूला नको, हे नियमातही आहे.

अनघा: टाकते. जागेचं कमिटीने दाखवावं, ८ महिने मागतेय.

मोहिते, सचिव: अनघाताई, ‘८ महिने’ हे बरोबर नाही. आपण ठराव केला होता.

अनघा: ठराव केला, जागा नाही दिली.

स्नेहल, रात्री ११.४८: ससूनमध्ये झालं. सीरम जखमेत भरलं, लसही दिली. पुढचा १३ ला ना?

शिंदे सिस्टर: नाही. आजचा दिवस ० धर. १४ शुक्रवार, १८ मंगळवार, मग थेट ९ डिसेंबर. तिसरा दिवस आणि दिवस ३, इथेच सगळे चुकतात. शेवटचा २८ चा पण चुकवू नको, जखम भरलेली असते म्हणून विसरतात. आंघोळ चालते, पथ्य काही नाही, भात-आमटी सगळं दे.

रोहन: सिस्टर, हे सगळं पिन करता येईल का? मघाचा पार्किंगचा जोक मागे घेतो.

मोहिते, सचिव: पिन केलं. दिव्याचा माणूस उद्या येतोय.

देशपांडे काका: कोणता उद्या?