मदत हवी आहे: सिस्को, एचपी आणि टीपी-लिंकचे स्विच, काट्याचा व्हीलॅन पलीकडे पोचतच नाही

काटेवाला

मंडळी, मोबाइलवरून लिहितोय. आज्ञाही देवनागरीतच टाकल्यात, सांभाळून घ्या.

मी एका सहकारी साखर कारखान्याच्या संगणक विभागात आहे. विभाग म्हणजे मी आणि एक ऑपरेटर. दसऱ्याला बॉयलर पेटला, गव्हाणीत मोळी पडायला नऊ दिवस राहिलेत आणि काट्यावरची दोन मशिनं अजून सर्व्हरशी बोलत नाहीत.

गेल्या हंगामापर्यंत ऑफिस, शेती विभाग, दोन्ही वजनकाटे आणि गाडीतळावरचे कॅमेरे सगळे एकाच सपाट नेटवर्कवर होते. कॅमेऱ्यांची गर्दी झाली की काट्याचा प्रोग्रॅम अडकायचा. भरगाडी काट्यावर उभी, मागे गेटपर्यंत रांग, आणि पावती काही निघत नाही. त्या वेळी ड्रायव्हर मंडळी जे बोलतात ते इथे लिहिण्याजोगं नाही. म्हणून यंदा त्याच तारांवर व्हीलॅन, म्हणजे एकमेकांपासून वेगळी आभासी नेटवर्कं, करून विभागणी केली: व्हीलॅन १० ऑफिस, २० काटा, ३० कॅमेरे. १ तसाच ठेवलाय, त्यात स्विचचे स्वतःचे पत्ते आणि जुनी उरलीसुरली मशिनं.

नवे स्विच मागितले तर संचालक मंडळ पुढच्या हंगामाकडे बोट दाखवतं, त्यामुळे घरात आहे त्यावरच भागवायचंय. सर्व्हर खोलीत सिस्को ३५६०. राउटिंग (एका व्हीलॅनमधून दुसऱ्यात नेणं) आणि डीएचसीपी (मशिनांना पत्ते वाटणं) तोच करतो. तिथून फायबर काटा केबिनपर्यंत, तिथे चोवीस पोर्टचा एचपी २५३०, फायबर त्याच्या २५ नंबरला. एचपीच्या २४ मधून साधी केबल गाडीतळावरच्या टपरीत, तिथे टीपी-लिंकचा आठ पोर्टचा टीएल-एसजी१०८ई. कॅमेरे त्यावर.

सिस्कोच्या फायबर पोर्टवर दिलंय:

स्विचपोर्ट ट्रंक एन्कॅप्सुलेशन डॉट१क्यू
स्विचपोर्ट मोड ट्रंक

एचपीवर व्हीलॅन २० केला, त्यात अनटॅग्ड १-८ (म्हणजे त्या पोर्टांवर फ्रेमला, डेटाच्या पाकिटाला, व्हीलॅन नंबराचा शिक्का नाही) दिलं. मग फायबरचा पोर्ट ट्रंक करायचा म्हणून:

ट्रंक २५ ट्रक१ ट्रंक

स्विचनं निमूटपणे घेतलं. टीपी-लिंकवर व्हीलॅन ३० करून कॅमेऱ्यांचे पोर्ट त्यात अनटॅग्ड टाकले.

आता लक्षणं. सर्व्हर खोलीतून एचपीचा पत्ता पिंग होतो. काट्याचं मशीन मात्र १६९.२५४ (डीएचसीपीकडून पत्ता मिळाला नाही की मशीन स्वतःच घेतं तो) घेऊन बसतं. कॅमेऱ्यांना पत्ता मिळतो, पण १९२.१६८.१ मधला, ३० मधला नाही. सिस्कोवर शो इंटरफेसेस ट्रंक केलं तर १ ते ४०९४ सगळं खुलं दिसतं. दोन दिवस फायबरला शिव्या घातल्या, एसएफपीसुद्धा (स्विचमध्ये फायबर जोडायची मॉड्यूल) बदलून पाहिले. माझं कुठे चुकतंय?

जुना_तारवाला

फायबरचा बिचारीचा दोष नाही. एचपीवर शो व्हीलॅन २० आणि शो ट्रंक्स करून काय येतं ते टाका.

काटेवाला

व्हीलॅन २० मध्ये १ ते ८ अनटॅग्ड. बस्स, २५ चं नावच नाही. शो ट्रंक्समध्ये २५ दिसतोय, गट ट्रक१.

जुना_तारवाला

सापडलं. ट्रंक या शब्दानं तुम्हाला गंडवलं. सिस्कोच्या भाषेत ट्रंक म्हणजे अनेक व्हीलॅन वाहून नेणारा पोर्ट. एचपीच्या या जातीच्या स्विचवर ट्रंक म्हणजे दोन-चार केबली एकत्र बांधून एक जाड दोर करणं, ज्याला सिस्कोवाले इथरचॅनेल म्हणतात. तुम्ही एकाच केबलीचा दोर वळलात. स्विच कशाला कुरकुरेल? त्याच्या दृष्टीनं आज्ञा बरोबरच आहे.

दुसरी गोष्ट. सिस्कोचा ट्रंक मुळातच उदार, काही सांगितलं नाही तर अस्तित्वात असलेले सगळे व्हीलॅन नेतो. एचपी तसं करत नाही. तिथे प्रत्येक व्हीलॅनमध्ये शिरून कोणता पोर्ट टॅग्ड हे हातानं लिहावं लागतं. तुमचा ट्रक१ फक्त व्हीलॅन १ मध्ये अनटॅग्ड आहे, सिस्कोचा नेटिव्ह व्हीलॅनही (ट्रंकवरच्या बिनशिक्क्याच्या फ्रेम ज्यात जातात तो) १. म्हणून पिंग चालतो. २० चा शिक्का असलेली फ्रेम एचपीच्या दारात येते आणि तो ती टाकून देतो.

तारेवर जे जातं ते दोघांचं एकच आहे हो. ८०२.१क्यू हे १९९८ चं प्रमाण: फ्रेममध्ये चार बाइटचा शिक्का, त्यातले १२ बिट व्हीलॅनच्या नंबराला, म्हणून ४०९४ पर्यंतच नंबर. भांडण फक्त शब्दांचं. तुमच्या ३५६० ला आयएसएल नावाची सिस्कोची जुनी खासगी पद्धतही येते, ती एचपीला कळत नाही. एन्कॅप्सुलेशनची ओळ दिलीत ते बरं केलंत. २९६० असता तर ती ओळ लागलीच नसती.

आता एचपीवर, काट्यावर जाऊन, फायबर काढून ठेवा आणि:

नो ट्रंक २५
व्हीलॅन २० टॅग्ड २५
व्हीलॅन ३० टॅग्ड २४,२५

व्हीलॅन १ मध्ये २४ आणि २५ अनटॅग्डच राहू द्या. मग राइट मेमरी, नाहीतर लाइट गेली की मेहनत गेली. सिस्कोच्या पोर्टवर स्विचपोर्ट नॉननिगोशिएट पण देऊन टाका. डीटीपीची वाटाघाट (पोर्ट ट्रंक करायचा की नाही हे दोन स्विचनी आपसात ठरवणं) सिस्कोची खासगी आहे, समोर एचपी असताना ती करण्यात अर्थ नाही. त्याच कारणानं व्हीटीपीच्या (व्हीलॅनची यादी इतर स्विचवर आपोआप पोचवणारी सिस्कोची सोय) भरवशावर राहू नका. सिस्कोवर केलेला व्हीलॅन एचपीवर आपोआप उगवत नाही.

वायर_ताई

तारवाले दादांनी काट्याचं सांगितलं, मी कॅमेऱ्यांचं सांगते. आमच्या कॉलेजच्या हॉस्टेलवर मी अगदी असंच डोकं फोडून घेतलंय.

कॅमेऱ्याला १९२.१६८.१ चा पत्ता मिळतोय हाच पुरावा आहे. टीपी-लिंकच्या त्या छोट्या स्विचमध्ये दोन वेगळी पानं आहेत. एका पानावर पोर्ट कोणत्या व्हीलॅनमध्ये टॅग्ड किंवा अनटॅग्ड ते ठरतं, म्हणजे फ्रेम *बाहेर* पडताना शिक्का ठेवायचा की काढायचा. दुसरं पान पीव्हीआयडीचं. बिनशिक्क्याची फ्रेम *आत* आली की तिला कोणत्या व्हीलॅनची समजायची, ते तिथे ठरतं. सिस्कोवर स्विचपोर्ट ॲक्सेस व्हीलॅन ३० म्हटलं की दोन्ही कामं एका झटक्यात होतात, एचपीवर अनटॅग्ड म्हटलं की तसंच. इथे तुम्ही पहिलं पान भरलंत, दुसऱ्यावर १ तसाच राहिला. त्यामुळे कॅमेरा बोलतो व्हीलॅन १ मध्ये.

कॅमेऱ्यांच्या पोर्टांचा पीव्हीआयडी ३० करा, तेच पोर्ट व्हीलॅन १ मधून काढा, आणि एचपीकडे जाणारा पोर्ट ३० मध्ये टॅग्ड करा. त्या पोर्टाचा पीव्हीआयडी मात्र १ च ठेवा, नाहीतर स्विचचं पान उघडायला शिडी घेऊन टपरीत जाल.

काटेवाला

ताई, दादा, काटा चालू! नो ट्रंक केलं, २० टॅग्ड केला, फायबर लावली आणि मशीननं १९२.१६८.२० चा पत्ता घेतला. दोन्ही काट्यांवर रिकामा ट्रॅक्टर चढवून पावती काढली. कॅमेऱ्यांचं उद्या.

काटेवाला

वरचा आनंद मागे घेतो. आज कॅमेऱ्यांसाठी सिस्कोच्या पोर्टवर फक्त एक ओळ दिली:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन ३०

कॅमेरे आले, काटा गेला. एचपीही पिंग होत नाही. आता काय?

जुना_तारवाला

अरेरे. तुम्ही यादीत ३० वाढवला नाहीत, यादी पुसून एकटा ३० ठेवलात. मधे ॲड हा शब्द हवा होता: अलाउड व्हीलॅन ॲड ३०. खरं तर काहीच द्यायची गरज नव्हती, आधी सगळे खुलेच होते. आता द्या:

स्विचपोर्ट ट्रंक अलाउड व्हीलॅन १,२०,३०

१० काट्याकडे लागत नाही, तो बाहेरच राहू दे. लाजू नका, ही चूक न केलेला सिस्कोवाला मला अजून भेटायचाय. मी केली तेव्हा स्विच चाळीस किलोमीटरवर होता, रात्री मोटारसायकल काढली. तेव्हापासून लांबच्या स्विचला हात लावण्याआधी रीलोड इन १० देतो. फसलो तर दहा मिनिटांनी तो आपणहून जुन्या सेव्ह केलेल्या कॉन्फिगवर परत येतो. जमलं तर रीलोड कॅन्सल, मग सेव्ह. सेव्ह आधी केलंत तर या युक्तीचा काही उपयोग नाही.

काटेवाला

आलं सगळं. सिस्को इथेच खोलीत होता म्हणून वाचलो, चावी फिरवण्यापुरतंच अंतर. ७ पैकी ६ कॅमेरे दिसतायत, सातव्याची केबल उंदरानं खाल्लीय, ती व्हीलॅनच्या कक्षेत येत नाही.

एक शंका. काटा केबिनला जुनी एक जादा केबल आलेली आहे. तीही एचपीला लावून ठेवू का, फायबर तुटली तर उपयोगी पडेल?

वायर_ताई

आत्ता अजिबात नको! एचपीच्या त्या स्विचवर स्पॅनिंग ट्री (दोन वाटांचं वेटोळं झालं की एक वाट बंद ठेवणारी सोय) कंपनीकडून बंद येतो. दुसरी केबल खोचली की फिरती फ्रेम थांबवायला तिकडून कोणी नाही, आणि सिस्कोचा पीव्हीएसटी (प्रत्येक व्हीलॅनला वेगळा स्पॅनिंग ट्री) ही पुन्हा त्यांचीच बोली. करायचंच तर दोन्हीकडे एमएसटीपी (स्पॅनिंग ट्रीचा दोघांना कळणारा प्रकार; त्यात व्हीलॅनचे गट, म्हणजे इन्स्टन्स, करतात आणि एकाच मांडणीचे स्विच मिळून एक रीजन होतो) चालू करा. रीजनचं नाव, रिव्हिजन नंबर आणि कोणता व्हीलॅन कोणत्या इन्स्टन्समध्ये हे दोन्ही स्विचवर अक्षरशः एकसारखं हवं, नावातलं लहान-मोठं अक्षरसुद्धा. रूट, म्हणजे त्या झाडाचं मूळ, सिस्कोलाच करा, त्याची प्रायॉरिटी कमी देऊन. हे हंगाम संपल्यावर मे महिन्यात निवांत करा. तोवर त्या केबलीच्या टोकाला चिकटपट्टी लावा आणि वर मोठ्या अक्षरात लिहा, काढू नये, लावू नये.

जुना_तारवाला

ताईंना अनुमोदन. शिवाय सिस्कोला सिस्को जोडला असता तर नेटिव्ह व्हीलॅन जुळत नाही म्हणून सीडीपीनं (शेजारचा स्विच ओळखायची सिस्कोची पद्धत) लॉगमध्ये बोंब मारली असती. इथे ती मिळेलच असं धरून चालू नका. म्हणून तिन्ही स्विचच्या पेटीत एक कागद चिकटवा: पोर्ट नंबर, बिनशिक्क्याचा व्हीलॅन कोणता, शिक्क्याचे कोणते. ट्रंक हा शब्द त्या कागदावर कुठेच लिहू नका. आणि सिस्कोवर एलएलडीपी रन (एलएलडीपी म्हणजे तेच काम करणारी, सगळ्या कंपन्यांना कळणारी पद्धत) देऊन ठेवा, म्हणजे कोणत्या पोर्टाला समोरून कोण आहे ते खोलीत बसून दिसेल.

काटेवाला

कागद चिकटवला, टपरीत प्लॅस्टिकमध्ये घालून. एलएलडीपीत एचपी दिसतोय, पोर्ट २५. जादा केबलीला चिकटपट्टी लावली, पण ऑपरेटरनं विचारलंच, "सर, लावायची नाही तर आणली कशाला?"