शब्दचर्चा : नौदलाची 'कमान' की 'कमांड'?

पंचवटी :
काल सावानात, म्हणजे आपल्या सार्वजनिक वाचनालयात, पेपर चाळताना 'पश्चिमी नौदल कमान' असं छापलेलं दिसलं. शेजारी आठवीतला भाचा बसला होता. त्याने विचारलं, "मामा, नौदलाने कमान कुठे उभारली?" त्याचं काही चुकलं नाही. नाशकात कमान म्हटलं की सिंहस्थात रस्त्यावर उभारतात ती स्वागताची कमान. मराठीत कमांडला आणि फ्लीटला नेमकं काय म्हणायचं? की दोन्ही एकच?

नाशिकरोड :
एक नाहीत. आधी 'कमान' बघू. मूळ फारसी शब्द, अर्थ धनुष्य. त्या बाकावरून मराठीत दाराची कमान आली, भुवयांची आली, टांग्याखालची लोखंडी कमानसुद्धा आली. हुकमत हा अर्थ हिंदीने इंग्रजी 'कमांड'वरून त्या शब्दाला दिला. तिथे तो रुळला आहे, चूक नाही. पण मराठीत जसाच्या तसा उचलला की वाचणारा अडतो.

आता फरक. फ्लीट म्हणजे ताफा, समुद्रावरची जहाजं. कमांड म्हणजे किनारा, गोद्या, तळ, माणसं आणि तो ताफासुद्धा. १ मार्च १९६८ला मुंबईत पश्चिम आणि विशाखापट्टणमला पूर्व नौदल कमांड झाली. पूर्वेचा स्वतंत्र ताफा मात्र उभा राहिला १ नोव्हेंबर १९७१ला, युद्धाला जेमतेम महिना असताना. त्या युद्धात पश्चिम कमांडचे प्रमुख व्हाइस ऍडमिरल कोहली मुंबईत होते, आणि पश्चिम ताफ्याचे प्रमुख रिअर ऍडमिरल कुरुविला समुद्रावर, 'म्हैसूर' या ध्वजनौकेवर. पदं दोन, जागा दोन. ४ डिसेंबरच्या रात्री निपात, निर्घात आणि वीर या क्षेपणास्त्र नौकांनी कराचीवर हल्ला केला, त्याचीच आठवण म्हणून नौदल दिन. ती हकीकत मराठीत सांगताना दोन्हींना 'कमान' म्हटलं, तर कोण कुठून लढलं हेच कळणार नाही.

इंदिरानगर :
मग फ्लीटला सरळ 'आरमार' म्हणू या की! घरचा शब्द आहे.

गंगापूर रोड :
ताई, शब्द मलाही फार प्रिय आहे, पण इथे बसत नाही. आरमार म्हणजे अख्खं नौदल. पोर्तुगीज 'आर्माडा' आपल्या किनाऱ्यावर घासून गुळगुळीत झाला तो हा शब्द, साबण आणि चावी ज्या वाटेने आली त्याच वाटेने. आज्ञापत्र या मराठेशाहीतल्या राजनीतीच्या ग्रंथात 'आरमार म्हणजे एक स्वतंत्र राज्यांगच' म्हटलंय ते याच अर्थाने. एका राज्यांगाचे पश्चिम आरमार, पूर्व आरमार असे तुकडे केले तर दोन वेगळी नौदलं वाटतील.

पण कमांडसाठी आपल्याकडे जुना शब्द होता असं मी ठामपणे म्हणेन : सुभा. दर्यासारंग आणि मायनाक भंडारी हे शिवकाळातले आरमाराचे सुभेदार. पुढे पेशव्यांच्या काळात विजयदुर्गला धुळप आरमाराचे सुभेदार होते. सुभेदाराकडे नुसती गुराबं-गलबतं ही जहाजं नसत. बंदर, तांडेल-खलाशी, दारूगोळा, डागडुजी, सगळा कारभार त्याच्या हाती. आजची कमांड याहून वेगळं काय करते?

आंग्र्यांचा 'सरखेल' हा किताबही पाहा. 'खैल' म्हणजे अरबीत घोडे, त्यावरून घोडेस्वारांची टोळी. स्वारांच्या म्होरक्याचा किताब दर्यावर गेला, कान्होजींमुळे गाजला, आणि आज सरखेल म्हटलं की कुणाला घोडा आठवत नाही, शिडंच दिसतात. शब्द असा माणसाच्या कर्तबगारीने अर्थ बदलतो.

देवळाली कॅम्प :
माझी सगळी नोकरी तोफखान्यात गेली. सुभा ऐकायला छान वाटतं, पण बदली झाली की घरी 'सदर्न कमांडला चाललो' असंच सांगायचो. नाशिकरोडला रिक्षावाल्याला 'आर्टिलरी सेंटर' म्हणा, लगेच नेतो. कमांड हा शब्द आता मराठीच समजा.

गंगापूर रोड :
मान्य, काका. आजच्या बातमीत कमांड, इतिहास लिहिताना सुभा. 'कमान' मात्र नको.

पंचवटी :
मग भाच्याच्या वहीत असं लिहून देतो : 'पश्चिम नौदल कमांडचे मुख्यालय मुंबईत आहे. पश्चिम ताफा तिच्या अखत्यारीत येतो.' तो विचारतोय, 'तिच्या' की 'त्याच्या'?

देवळाली कॅम्प :
'तिच्या'च. 'आपली कमांड मोठी', असंच बोलायचो आम्ही.